नाशिक जिल्ह्यातील रखडलेले रस्ते: निधीचा क्रम नेमका कसा ठरावा?

गोदाकाठचा_वाटसरू

३१ डिसेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक–सोलापूर–अक्कलकोट या सहापदरी महामार्गाला मंजुरी दिली. लांबी ३७४ किलोमीटर आणि खर्च १९,१४२ कोटी रुपये. बातमी वाचून आनंद झाला, कारण या मार्गाची चर्चा आपण सुरत–चेन्नई या जुन्या नावाने अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. मात्र त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या पूर्व भागात जाणे झाले. तेथे एका प्रमुख जिल्हा मार्गावर खडी अंथरून ठेवलेली आहे, तिच्यावर डांबर पडलेले नाही, आणि विचारणा केल्यावर गावकरी सांगतात की काम मंजूर आहे, कार्यारंभ आदेशही निघाला आहे, पण ठेकेदार यंत्रसामग्री घेऊन निघून गेला.

माझे दोन प्रश्न आहेत. आपल्या भागातील रस्ते पैशाअभावी रखडतात की प्रक्रियेमुळे? आणि पैसा मर्यादितच आहे असे धरले, तर क्रम कोणत्या निकषावर लावावा? आपापल्या तालुक्याचा अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

मैलाचा_दगड

बांधकाम खात्याशी संबंधित कामात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

रस्ता कोणाचा, यावर त्याचे नशीब ठरते. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या निधीतून होतात. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे कागदावरचे ‘रामा’ आणि ‘प्रजिमा’, सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, म्हणजे ‘इजिमा’ आणि ‘ग्रामा’, जिल्हा परिषदेकडे असतात. दुरुस्तीसाठी ३०५४ आणि नव्या बांधकामासाठी ५०५४ हे लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाचे क्रमांकित सदर, आहे. आमदारांनी सुचवलेली गावांतर्गत कामे २५१५ मधून होतात.

खरी अडचण तरतुदीच्या पद्धतीत आहे. समजा, एखादे काम दहा कोटींचे आहे. अर्थसंकल्पात त्याचे नाव यावे म्हणून त्याला त्या वर्षी नाममात्र रक्कम दिली जाते, जिला सगळे ‘टोकन’ म्हणतात. पुढे पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातील पुरवणी मागण्यांमध्ये आणखी नवी कामे घातली जातात. प्रत्येक काम मंजूर दिसते, प्रत्येकाचे भूमिपूजन होते, आणि कोणत्याही एका कामाला पूर्ण होण्याइतका पैसा त्या वर्षी मिळत नाही. ठेकेदार पहिले देयक सादर करतो, ते अडकते, आणि तो यंत्रे दुसऱ्या कामावर हलवतो. अंथरलेली खडी पावसात वाहून गेली की तेच काम पुन्हा करावे लागते आणि सुधारित अंदाजपत्रक लागते. त्यामुळे पैसा कमी आहे हे खरे असले, तरी आहे तो पैसा जास्त कामांवर पातळ पसरवला जातो, हे विलंबाचे मोठे कारण आहे असे माझे ठाम मत आहे.

निफाडचा_बागायतदार

वरील प्रतिसादाशी सहमत. आमच्याकडे फेब्रुवारी आणि मार्च हे द्राक्षांचे महिने. बागेतून पॅकहाऊसपर्यंतचा रस्ता ग्रामा किंवा इजिमा असतो आणि पुढचा महामार्ग उत्तम असतो. नुकसान होते ते पहिल्या टप्प्यात. क्रेट हादरले की मणी देठापासून सुटतात, आणि असा माल निर्यातीच्या प्रतवारीतून बाहेर पडून स्थानिक बाजाराच्या भावाने जातो. कांद्याचा ट्रॅक्टर लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत लिलावाच्या वेळेत पोहोचला नाही, तर मुक्काम वाढतो. सहापदरी मार्गाला माझा विरोध नाही. परंतु आमच्या मालाचा प्रवास गावच्या मोरीपासून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापासून, सुरू होतो, आणि ती मोरी कोणत्याही मोठ्या योजनेत बसत नाही.

सिन्नरचा_कारखानदार

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. मोठ्या रस्त्यांकडे गावच्या रस्त्यांचे शत्रू म्हणून पाहणे योग्य नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, मे २०२३ मध्ये भरवीरपर्यंत, पुढे इगतपुरीपर्यंत, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. आमच्या मुसळगाव आणि माळेगाव वसाहतींतील उद्योगांना कसारा घाटाला पर्याय मिळाला. वाढवण बंदराला समृद्धीशी जोडणारा सुमारे १०५ किलोमीटरचा मार्ग भरवीरलाच येऊन मिळणार आहे. कारखाना कोठे काढायचा हे ठरवताना गुंतवणूकदार प्रथम बंदरापर्यंतचा वेळ विचारतो.

शिवाय समृद्धीचा पैसा ग्रामीण रस्त्यांच्या पैशातून आलेला नाही. रस्ते विकास महामंडळाने तो मुख्यतः कर्जातून उभा केला, सिडको, म्हाडा आणि एमआयडीसी यांसारख्या संस्थांनीही त्यात वाटा दिला, आणि परतफेड पथकरातून व्हायची आहे. मोरीवर पथकर लावता येत नाही, म्हणून मोरीसाठी कोणी कर्ज देत नाही. याला अन्याय म्हणण्यापेक्षा अर्थकारणाचा नियम म्हणावे लागेल.

मैलाचा_दगड

कारखानदार साहेब, आपण सांगितलेला भेद महत्त्वाचा आहे, पण तो पूर्ण चित्र दाखवत नाही. महामंडळाच्या कर्जामागे राज्य सरकार उभे असते. पथकर अपेक्षेपेक्षा कमी आला तर फरक शेवटी राज्याच्या तिजोरीवर येतो, आणि व्याज व मुद्दल भरून जे उरते त्यातूनच ५०५४ ला तरतूद होते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादन आणि प्राथमिक कामांसाठी वीस हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली. हा मार्ग आपल्या जिल्ह्यातून जात नाही, तरीही त्याच वर्षी राज्यभरातील कंत्राटदार थकीत देयकांसाठी रस्त्यावर उतरले होते, आणि त्यांच्या संघटनांच्या दाव्यानुसार ती थकबाकी सुमारे ८९,००० कोटी रुपयांची होती. हा आकडा त्यांचा आहे, सरकारचा नाही. पण आकडा कितीही असो, जुनी देयके थकलेली असताना नवे कर्ज उचलण्याचा निर्णय हा क्रमाचाच निर्णय असतो.

आणखी एक मुद्दा. समृद्धी आमणेपर्यंत पूर्ण झाला, पण तेथून पुढे वडपे ते माजिवाडा या सुमारे चोवीस किलोमीटरच्या मार्गाचे आठपदरीकरण रेंगाळले. सातशे किलोमीटरचे अंतर वेगाने कापून आलेली वाहने शेवटच्या चोवीस किलोमीटरमध्ये अडकत असतील, तर हे काम सर्वांत आधी पूर्ण करायला हवे होते. समृद्धी असो वा गावची मोरी, साखळीतील सर्वांत अरुंद जागा आधी मोकळी करावी, हा निकष दोन्हींना सारखाच लागू पडतो.

सुरगाण्याची_लेक

निफाडच्या दादांची मोरी निदान कोरड्या दिवसांत ओलांडता येते. आमच्याकडे प्रश्न वेगळ्या पातळीवर आहे, तो येथे नीट नोंदवला जावा अशी माझी इच्छा आहे.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीचा डोंगराळ भाग पावसाळ्याचे चार महिने फरशी पुलांच्या भरवशावर असतो. पाणी पुलावरून गेले की पाडा तुटतो. गरोदर बाईला किंवा साप चावलेल्या माणसाला डोली करून रस्त्यापर्यंत आणावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या तालुक्यातील सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातमध्ये सामील करा, अशी मागणी केली होती. त्या मागणीवर त्या वेळी बरेच राजकारण झाले. पण मुळात लोक काय सांगत होते, तर हद्द ओलांडली की रस्ता चांगला लागतो, दवाखाना जवळ मिळतो. आपल्या भाषेवर आणि राज्यावर प्रेम असलेल्या माणसांना असे लिहून द्यावे लागले, याचे मला आजही दुःख आहे.

आमच्याकडे आणखी एक कारण नेहमी पुढे केले जाते: वनजमीन. प्रत्यक्षात वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) नुसार रस्ता, शाळा, दवाखाना अशा सुविधांसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळवता येते, फक्त तोडायची झाडे हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त नसावीत. म्हणजे पाड्यापर्यंतच्या छोट्या जोडरस्त्यासाठी दिल्लीपर्यंत जाण्याची गरज नाही. ग्रामसभेचा ठराव, जागेची मोजणी आणि विभागीय वन अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव, एवढे झाले तरी काम पुढे सरकते. पण हा प्रस्ताव तयार करण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही, आणि ‘वन विभागाची हरकत’ एवढाच शेरा वर्षानुवर्षे कागदावर राहतो. गोदाकाठचे वाटसरू यांनी विचारले आहे की पैसा की प्रक्रिया. आमच्या बाबतीत उत्तर प्रक्रिया हे आहे, आणि ती प्रक्रिया कायद्याने सोपी करून ठेवलेली असूनही तिचा वापर होत नाही.

पाथर्डीफाटा

ताई, कलम ३(२) ची माहिती माझ्यासाठी नवीन आहे. आमच्या गटातील दोन गावांना ती लगेच कळवतो.

सातबारा_वाचक

भूसंपादनाचा विषय अजून कोणी सविस्तर घेतलेला नाही, आणि राष्ट्रीय महामार्गांच्या विलंबाचे ते पहिले कारण आहे.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ प्रमाणे प्रथम कलम ३ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघते, हरकती ऐकल्या जातात, आणि मग ३डी ची घोषणा होऊन जमीन शासनाकडे निहित होते. ३ए नंतर एका वर्षात ३डी झाली नाही, तर पहिली अधिसूचना रद्दबातल होते आणि सगळे पुन्हा सुरू करावे लागते. मोबदल्याचा हिशेब मात्र २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे होतो: बाजारमूल्य गुणिले गुणक, आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. ग्रामीण भागासाठी गुणक दोन असेल तर शेतकऱ्याला मूल्याच्या चौपट मिळते, एक असेल तर दुप्पट. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्य सरकारने महामार्गांसाठी हा गुणक दोनवरून एकवर आणला. सुरत–चेन्नई मार्गाची मोजणी आपल्या जिल्ह्यात सुरू झाली तेव्हा शेतकऱ्यांनी शेजारीच समृद्धीचा दर पाहिलेला होता. तेथे थेट खरेदीने जमीन घेतली गेली आणि चौपट रकमेवर आणखी पंचवीस टक्के, म्हणजे एकूण पाचपट मोबदला मिळाला. एकाच तालुक्यात, एकाच प्रकारच्या बागायती जमिनीला, काही वर्षांच्या अंतराने इतका फरक कोणता शेतकरी मान्य करील?

बाजारमूल्याचीही एक गोम आहे. ते मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून काढतात, आणि आपल्याकडे खरेदीखतात रक्कम कमी दाखवण्याची सवय सर्वदूर आहे. त्यामुळे कागदावरचे मूल्य आधीच कमी असते.

दिंडोरीकर

सातबारा वाचक यांनी लिहिले ते आम्ही भोगले आहे. आमच्या गटाचा काही भाग त्या जुन्या आखणीत आला. मोजणी झाली, खांब रोवले गेले, आणि नंतर सगळे शांत झाले. त्या काळात विहिरीसाठी कर्ज मागायला गेलो, तर बँकेने गट संपादनात असल्याचे सांगून अर्ज परत केला. बाग काढून नवी लावावी की नाही, हे ठरवता येईना, कारण द्राक्षाची नवी बाग म्हणजे एकरी काही लाखांचा खर्च, आणि तिचे उत्पन्न लगेच सुरू होत नाही. भावांमधील वाटणी थांबली. रस्ता झाला असता तर मोबदला मिळाला असता, आखणी रद्द झाली असती तर जमीन मोकळी झाली असती. आम्हाला दोन्हींपैकी काहीच मिळाले नाही. विलंबाची किंमत मोजताना प्रकल्पाचा वाढलेला खर्च सगळे मोजतात, शेतकऱ्याची थांबलेली वर्षे कोणी मोजत नाही.

सिन्नरचा_कारखानदार

दिंडोरीकर, आपला अनुभव वाचून मी माझ्या मताला एक पुरवणी जोडू इच्छितो. मोठे रस्ते हवेत, पण जमिनीच्या मोबदल्याची पूर्ण रक्कम हातात असल्याशिवाय ३ए काढूच नये. भारतमाला या केंद्राच्या महामार्ग योजनेच्या पहिल्या टप्प्यात नेमके उलट झाले. २०१७ मध्ये ३४,८०० किलोमीटरसाठी ५.३५ लाख कोटी रुपये मंजूर झाले, म्हणजे किलोमीटरला सरासरी १५.३७ कोटी. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात दिसते की प्रत्यक्ष मंजूर कामांचा दर किलोमीटरला ३२.१७ कोटींवर गेला. खर्च दुप्पट झाल्यावर पुढची कामे थांबणे अटळ होते, आणि आपल्या जिल्ह्यातील आखणी त्याच थांबलेल्या रांगेत होती.

पुलाखालचे_पाणी

थोडा तांत्रिक मुद्दा मांडतो, कारण निधीच्या क्रमाशी त्याचा थेट संबंध आहे.

२०१८ मध्ये केंद्राने मालवाहनांची आसभार मर्यादा, म्हणजे चाकांच्या एका आसावर चालणाऱ्या भाराची मर्यादा, वाढवली. चार चाकांच्या एकेरी आसावर पूर्वी १०.२ टन चालत होते, ते ११.५ टन झाले. रस्त्याची झीज आसभाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते, हा अभियांत्रिकीतील जुना आणि मान्य ठोकताळा आहे. त्या हिशेबाने बारा–तेरा टक्के भारवाढ म्हणजे सुमारे साठ टक्के अधिक झीज. महामार्गाची जाडी याचा विचार करून ठरवतात, पण तोच दहाचाकी ट्रक कांदा भरायला येवला आणि निफाडच्या काळ्या मातीवरील प्रजिमावर उतरतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबराचा पातळ थर तिच्याबरोबर हलतो. अशा ठिकाणी गटार, मुरूम आणि खालचा थर मजबूत करण्याऐवजी दरवर्षी वरून कारपेट मारणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणे आहे.

मैलाचा_दगड

अगदी योग्य. साइडपट्टी आणि गटार हा अंदाजपत्रकातील सर्वांत आधी कापला जाणारा भाग असतो, कारण उद्घाटनाच्या दिवशी तो दिसत नाही.

जुना_नाशिककर

चौकांबद्दल कोणीच बोलले नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रस्त्यावर मिरची हॉटेल चौकात खासगी बस आणि ट्रक यांची धडक झाली, बसने पेट घेतला आणि बारा प्रवासी दगावले. त्यानंतर अतिक्रमणे हटली, गतिरोधक आले, सिग्नल आला. ही सगळी कामे मोठ्या निधीची नव्हती, आणि अपघाताआधीही करता आली असती. मनमाडच्या ब्रिटिशकालीन रेल्वे पुलाचा भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये कोसळला, तेव्हा पुणे–इंदूर मार्गाची वाहतूक वळवावी लागली. जुन्या पुलांची तपासणी आणि धोकादायक चौकांची सुधारणा या दोन गोष्टींना स्वतंत्र आणि हात न लावता येणारा निधी असायला हवा.

पंचवटीवासी

सिंहस्थाचा उल्लेख झाल्याशिवाय नाशिकच्या रस्त्यांची चर्चा पूर्ण होऊ शकत नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिले अमृतस्नान. ही तारीख कोणालाही पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे शहराभोवतीच्या सुमारे ६६ किलोमीटरच्या परिक्रमा मार्गाला आणि त्र्यंबक रस्त्याला जी गती मिळाली, ती एरवी मिळाली नसती. यावरून मला वाटते की इच्छा असेल तर भूसंपादन, मंजुरी आणि निधी हे तिन्ही एकाच वेळी पुढे सरकू शकतात.

सातबारा_वाचक

पंचवटीवासी, गती मिळते हे मान्य, पण ती कोणाच्या खर्चाने, हेही पाहावे. त्र्यंबक रस्त्यालगतच्या शेतकऱ्यांनी २०२५ मध्ये बांधकामे हटवण्याविरुद्ध आंदोलन केले होते. तारीख जवळ आली की हरकती ऐकण्याची मुदत आधी आखडते. बारा वर्षांनी येणारी तारीख बारा वर्षे आधी माहीत असते. २०१५ चा मेळा संपला त्याच वर्षी २०२७ ची आखणी सुरू झाली असती, तर ना घाई झाली असती ना संघर्ष.

पंचवटीवासी

हे मी पूर्णपणे मान्य करतो. आणि पावसाळ्यात डांबरीकरण होत नाही हे लक्षात घेतले, तर हाती असलेले कोरडे महिने खरोखर मोजके आहेत.

गोदाकाठचा_वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. आता मी पुन्हा दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याला थेट उत्तर अद्याप मिळालेले नाही. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत आपल्यापैकी कोणाला पाच मिनिटे बोलायला मिळाली, तर आपण कोणता क्रम मांडाल?

मैलाचा_दगड

मी एकच मागणी करीन. जिल्हा परिषदेला मिळालेला निधी खर्च करायला दोन वर्षे असतात, आणि जुन्या कामांचे दायित्व वजा करून उरलेल्या रकमेच्या दीडपट कामांचे नियोजन करता येते. ही दीडपट मर्यादा थकीत देयके शून्यावर येईपर्यंत एकपट करावी. नवीन मंजुऱ्या एक वर्ष कमी होतील, आणि लोकप्रतिनिधींना ते रुचणार नाही, पण अर्धवट कामे पूर्ण होतील. ३१ मार्चच्या रात्रीपर्यंत चालणारी देयकांची धावपळही कमी होईल.

सुरगाण्याची_लेक

मैलाचा दगड काकांची सूचना सर्वसाधारण रस्त्यांसाठी योग्य आहे, परंतु ती सरसकट लावू नये. एक वर्ष नवी मंजुरी नाही म्हणजे पाड्यांसाठी आणखी एक पावसाळा. माझा क्रम असा राहील: ज्या वस्तीला पावसाळ्यात दुसरी वाटच नाही, तिचा पूल सर्वांत आधी. वाहनांची संख्या मोजून क्रम लावला, तर आमचा पूल कधीच वर येणार नाही, कारण जेथे पूल नाही तेथे वाहने मोजायला मिळत नाहीत.

मैलाचा_दगड

ताई, ही दुरुस्ती मला मान्य आहे. पर्यायी वाट नसलेल्या वस्त्यांचे पूल एकपट मर्यादेतून वगळावेत. ग्रामसेवक आणि तलाठी यांच्याकडून प्रत्येक तालुक्यातील अशा फरशी पुलांची यादी घेता येईल. ती बैठकीच्या आधी लेखी द्यावी लागते, आयत्या वेळच्या विषयात घेतली तर तिला निधी जोडला जात नाही.

निफाडचा_बागायतदार

यादीचे काम आमच्या तालुक्यातून मी करतो. पुलांबरोबर बाजार समितीकडे जाणारे प्रजिमा आणि त्यांवरील अर्धवट कामांचे कार्यारंभ आदेश क्रमांकही गोळा करतो. येवला आणि चांदवडकडचे कोणी असेल तर कृपया कळवावे.

दिंडोरीकर

दिंडोरी आणि पेठच्या बाजूची यादी माझ्याकडे द्या. नव्या सोलापूर मार्गासाठी जुन्या अधिसूचनेतील कोणते गट कायम आहेत आणि कोणते मोकळे झाले, याची लेखी माहितीही मी भूसंपादन अधिकाऱ्यांकडे मागतो. उत्तर आले की येथे टाकतो.